यंत्राचा कौल आणि धानाची बांधी

दिवाळीच्या आगेमागे भंडारा जिल्ह्यात धानाची कापणी सुरू झाली, की काही निवडक बांध्यांत एक छोटासा सरकारी विधी पार पडतो. कृषि खात्याचा कर्मचारी, किंवा ज्याला गाव अजूनही तलाठीच म्हणते तो महसुली कर्मचारी, फीत आणि खुंट्या घेऊन बांधीत उतरतो. कोणाच्याही मर्जीवर न सोडता, चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीने निवडलेल्या शेतात ठरावीक मापाचा एक चौकोन आखला जातो. त्या चौकोनातले धान वेगळे कापायचे, वेगळे चुरायचे आणि चारचौघांसमोर काट्यावर घालायचे. शेताचा मालक, गावचे दोन जाणते, असला तर विमा कंपनीचा माणूस, असे सारे त्या काट्याकडे पाहत उभे असतात. यालाच पीक कापणी प्रयोग म्हणतात. मंडळातल्या शेकडो कुटुंबांना पीकविम्याची भरपाई मिळणार की नाही, आणि मिळाली तर किती, याचा निर्णय अशा काट्यांवरच ठरत आलेला आहे.

हा प्रयोग निर्दोष असतो असे कोणी म्हणणार नाही. तो शेतात न होता कागदावरच उरकला गेल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. कोठे गावाचा दबाव येतो, कोठे कंपनीचा आक्षेप येतो. पण एक गुण या पद्धतीत निश्चित आहे. काटा डोळ्यांना दिसतो. फीत वाकडी धरली गेली, तर तेथल्या तेथे हटकता येते, आणि चूक झाली तर ती कोणाची, हे बोट दाखवून सांगता येते.

आता या बांधीकडे पाहणारा आणखी एक डोळा आला आहे. केंद्र शासनाने पंतप्रधान पीकविमा योजनेत उपग्रहांची छायाचित्रे, हवामानाच्या नोंदी आणि संगणकीय प्रारूपे यांच्या आधारे उत्पन्नाचा अंदाज बांधण्याची पद्धत खरीप २०२३ पासून भात आणि गहू या पिकांना लागू केली. अंतिम उत्पन्न ठरविताना या तांत्रिक अंदाजाला किमान ३० टक्के भार द्यावा, असे ठरले. महाराष्ट्रानेही भात, कापूस आणि सोयाबीन यांच्यासाठी हा मार्ग पत्करला. पुढे १७ जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराचे २०२५ ते २०२९ या काळासाठीचे धोरण मंजूर केले आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. पॅरिस, जिनिव्हा आणि नवी दिल्ली येथे ज्या विषयावर परिषदा भरतात, तो विषय अशा रीतीने पवनी, लाखांदूर आणि मोहाडीच्या धुऱ्यावर येऊन उभा राहिला आहे.

गणित कसे फिरते

प्रश्न किती निकडीचा आहे, हे एका साध्या हिशेबाने ध्यानात येईल. विम्यात ‘उंबरठा उत्पन्न’ नावाची एक संकल्पना आहे. गेल्या सात वर्षांतील चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढून तिला जोखीमस्तराने गुणले, की हा आकडा मिळतो. यंदाचे उत्पन्न त्याहून जितके कमी, तितक्या प्रमाणात भरपाई. समजा, एखाद्या मंडळाचे उंबरठा उत्पन्न हेक्टरी २० क्विंटल आहे आणि कापणी प्रयोगात १५ क्विंटल भरले. तूट २५ टक्क्यांची झाली. विमासंरक्षण हेक्टरी ५०,००० रुपये धरले, तर भरपाई १२,५०० रुपये होते. पण यंत्राचा अंदाज २३ क्विंटल आला, तर ७० आणि ३० या प्रमाणात मिसळून येणारे उत्पन्न १७.४ क्विंटल होते. तूट १३ टक्क्यांवर येते आणि भरपाई ६,५०० रुपयांवर. शेतात काहीही बदललेले नसते. दोन आकडे मिसळले गेले एवढेच, आणि घरात येणारा पैसा जवळजवळ निम्म्यावर येतो.

याची उलट बाजूही तितकीच खरी आहे. कापणी प्रयोगाचा आकडा फुगलेला असेल आणि उपग्रहाने खरी हानी टिपली असेल, तर हेच यंत्र शेतकऱ्याच्या बाजूने साक्ष देईल. तेव्हा यंत्र शेतकऱ्याचे वैरी आहे, असा कांगावा करण्याचे कारण नाही. पावसाळ्यात ढगांनी आभाळ झाकलेले असताना साध्या छायाचित्रणाचा उपयोग होत नाही, म्हणून ढगांच्या पलीकडे पाहू शकणाऱ्या रडार उपग्रहांची मदत घेतली जाते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, तेव्हा जिल्ह्यातील शेकडो शिवारे पाण्याखाली गेली. अशा वेळी प्रत्येक बांधापर्यंत माणूस पोहोचणे अवघड असते आणि आकाशातील डोळा खरोखर उपकारक ठरतो.

मात्र त्या डोळ्याच्या मर्यादाही जाणल्या पाहिजेत. तुडतुडा हा धानाचा शत्रू बुंध्याशी बसून रस शोषतो. कडेचे पीक हिरवे दिसते आणि आत गोल गोल चट्टे करपत जातात, तेही बहुधा कापणी तोंडावर आली असताना. लोंबी बाहेर आली पण दाणा भरला नाही, हे वरून पाहणाऱ्याला चटकन उमगत नाही. शिवाय यंत्र शिकते ते मागील वर्षांच्या आकड्यांवरून, आणि ते आकडे म्हणजे प्रामुख्याने पूर्वीच्या कापणी प्रयोगांच्याच नोंदी. थोडक्यात, यंत्राचा गुरू ती जुनी नोंदवहीच होय. वहीत खोटे असेल, तर शिष्य तेच खोटे मोठ्या आत्मविश्वासाने आणि दशांश चिन्हासह सांगेल.

एका मराठी संख्याशास्त्रज्ञाचा धडा

यंत्रातील ‘झुकाव’ हा आज जगभर चर्चेचा विषय आहे. तो नवा नाही, आणि त्याचा पहिला मोठा धडा भारतातील धान्याच्या शेतांतच गिरवला गेला. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि त्यांचे सहकारी डॉ. वि. गो. पानसे यांनी १९४० नंतरच्या दशकात कृषि संशोधन परिषदेच्या वतीने पीक कापणीच्या नमुना पाहण्यांची शास्त्रशुद्ध पद्धत घडविली. त्या काळी प्रा. प्रशांतचंद्र महालनोबीस बंगालमध्ये अगदी लहान चौकोन घेऊन पाहण्या करीत होते. चौकोन लहान असला, की उत्पन्न खऱ्यापेक्षा अधिक भरते, असे सुखात्मे यांनी दाखवून दिले. कारण मोठे मार्मिक आहे. चौकोनाच्या रेषेवर जी रोपे येतात, ती आत धरावीत की बाहेर, असा संभ्रम पडला, की माणसाचा हात नकळत ती आत ओढतो. चौकोन जितका लहान, तितकी रेषेवरच्या रोपांची संख्या प्रमाणाने मोठी, आणि तितकी चूकही मोठी.

सुखात्मे यांनी हे निष्कर्ष १९४६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले. दोन थोर शास्त्रज्ञांमधला हा वाद उघड्यावर झाला, दोन्ही बाजूंनी आकडे पुढे ठेवले आणि त्यातून पद्धत सुधारली. पुढे १९५१ साली सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेत गेले आणि तेथील संख्याशास्त्र विभागाची धुरा त्यांनी वाहिली. या इतिहासाचे तात्पर्य एवढेच, की त्या काळी मापणाऱ्याचे मापही मोजले गेले. आजच्या संगणकीय प्रारूपाविषयी नेमका हाच आग्रह धरावयाचा आहे. ते किती मंडळांत, कोणत्या वर्षी, किती चुकले, हे जाहीर झाले पाहिजे. चुकणे हा गुन्हा नव्हे. चूक झाकून ठेवणे हा मात्र शेतकऱ्याच्या भाकरीशी खेळ आहे.

जगाने मान्य केलेली सनद

याच आग्रहाला आता आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आहे. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने मे २०१९ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेची तत्त्वे स्वीकारली आणि त्यांच्या आधारावर जी-२० राष्ट्रांनी पुढच्याच महिन्यात आपली भूमिका मांडली. त्याहून व्यापक पाऊल युनेस्कोने टाकले. नोव्हेंबर २०२१ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या तिच्या सर्वसाधारण परिषदेत १९३ सदस्य राष्ट्रांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतितत्त्वांची शिफारस स्वीकारली. भारत त्यांत होता. मानवी हक्क आणि प्रतिष्ठा, अपाय न करणे, न्याय्य वागणूक, खासगीपणाचे रक्षण, पारदर्शकता, उत्तरदायित्व आणि मानवी देखरेख ही तिची प्रमुख सूत्रे आहेत. २१ मार्च २०२४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही सुरक्षित व विश्वासार्ह कृत्रिम बुद्धिमत्तेचा ठराव एकमताने संमत केला. युरोपीय संघाचा कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अस्तित्वात आला आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. सरकारी लाभ कोणाला द्यावा हे ठरविणाऱ्या यंत्रणा त्या कायद्याने अधिक धोक्याच्या वर्गात घातल्या आहेत.

युनेस्कोची शिफारस ही शिफारसच आहे. ती मोडल्याबद्दल कोणत्याही राष्ट्राला दंड होत नाही. म्हणून अनेक जण तिची संभावना ‘गोड शब्दांचा कागद’ अशी करतात. ही टीका सर्वस्वी चुकीची नाही. परंतु त्या कागदात एक कलम असे आहे, की ते भंडाऱ्याच्या शेतकऱ्याने पाठ करून ठेवावे. माणसाच्या हक्कांवर परिणाम करणारा निर्णय यंत्राच्या आधारे झाला असेल, तर त्या माणसाला तसे सांगितले पाहिजे. त्याला कारणे मागता आली पाहिजेत. आणि त्याचे म्हणणे ऐकून निर्णय तपासण्याचा व दुरुस्त करण्याचा अधिकार असलेला नेमलेला माणूस कार्यालयात असला पाहिजे. अंतिम जबाबदारी माणसाचीच राहील, ती यंत्राच्या गळ्यात बांधता येणार नाही, असेही तेथे स्पष्ट म्हटले आहे.

भारताने आपल्या मार्गदर्शक सूचना नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केल्या. विश्वास, माणूस प्रथम, न्याय्यता, उत्तरदायित्व, समजण्याजोगी रचना अशी सात सूत्रे त्यांत सांगितली आहेत. मात्र तूर्त स्वतंत्र कायद्याची गरज नाही, आहेत त्या कायद्यांतून मार्ग काढावा, असा त्यांचा रोख आहे. हा रोख मान्य केला, तरी आहेत ते कायदे वापरले जातात काय, हा प्रश्न उरतोच.

‘संगणकाने नाकारले’

कार्यालयांच्या खिडक्यांवर अलीकडे एक वाक्य वारंवार ऐकू येते : ‘संगणकाने नाकारले.’ हे वाक्य उच्चारणारा लिपिक बहुधा दोषी नसतो. त्यालाही कारण माहीत नसते, त्याच्यासमोरच्या पडद्यावर तेवढेच उमटलेले असते. पण या वाक्याची किंमत काय पडते, हे इतरत्र दिसून आले आहे. नेदरलँड्समध्ये मुलांच्या संगोपनासाठी मिळणाऱ्या अनुदानात संशयित शोधण्याच्या कामी कर खात्याने संगणकीय पद्धत वापरली. अर्जदाराचे नागरिकत्व हीदेखील संशयाची एक खूण धरली गेली. हजारो पालकांवर लबाडीचा खोटा शिक्का बसला, कुटुंबे कर्जात बुडाली, आणि अखेर जानेवारी २०२१ मध्ये तेथील मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. शेजारच्या तेलंगणात निरनिराळ्या खात्यांच्या नोंदी जोडून पात्र-अपात्र ठरविणारी ‘समग्र वेदिका’ ही यंत्रणा शिधापत्रिकांसाठी वापरली गेली. एका गरीब कुटुंबातील मृत कर्त्या पुरुषाचे नाव दुसऱ्या कोणा मोटारमालकाच्या नावासारखे होते, एवढ्यावरून त्या घराचे धान्य बंद झाल्याचे उघडकीस आले. रद्द केलेल्या शिधापत्रिकांची घरोघर जाऊन फेरतपासणी करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये त्या राज्याला दिला. माणसाने आधी जायला हवे होते तेथे त्याला न्यायालयाच्या आदेशाने नंतर जावे लागले.

वस्तुतः कारण मागण्याचा हक्क आपल्याकडे नवा नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या चौथ्या कलमात प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना द्यावीत असे सांगितले आहे. पीकविमा योजनेत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील तक्रार निवारण समितीची तरतूद आहे. दारे आहेत. पण यंत्राने बांधलेला अंदाज कोणत्या छायाचित्रांवर, कोणत्या गृहीतांवर उभा आहे, हे त्या दाराशी सांगणारा कोणी नसेल, तर समितीपुढे जाऊन शेतकऱ्याने काय विचारावे? काट्याशी भांडता येते, कारण काटा दिसतो. न दिसणाऱ्या गणिताशी भांडायचे, तर ते आधी समोर मांडले गेले पाहिजे.

कोणत्या भाषेत?

ते समोर मांडायचे तर कोणत्या भाषेत, हाही प्रश्न लहान नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या भागाची बोली झाडीबोली. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी तिच्या अभ्यासात आयुष्य वेचले. या बोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. भाताला येथे धान म्हणतात, खाचराला बांधी, बांधाला धुरा आणि लावणीला रोवणी. शेतकऱ्याला बोलून सल्ला देणारी यंत्रे आता मराठीतही येत आहेत. ती ग्रंथांच्या आणि वृत्तपत्रांच्या मराठीवरच पोसली गेली, तर मोहाडीच्या शेतकऱ्याचा प्रश्न त्यांना समजणार नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे अर्धवट समजेल. युनेस्कोच्या शिफारशीत बोलींच्या आणि भाषिक छटांच्या रक्षणाचा उल्लेख आहे, तो उगाच नव्हे. यंत्राला ज्याची बोली कळत नाही, त्याची तक्रारही त्याच्या लेखी अस्तित्वात नसते.

काय करता येईल?

यासाठी कोणा परकीय तज्ज्ञाची वाट पाहण्याचे कारण नाही. पहिली गोष्ट अशी, की प्रत्येक महसूल मंडळासाठी कापणी प्रयोगाचा आकडा आणि यंत्राचा आकडा मिसळण्यापूर्वी वेगवेगळे जाहीर करावेत, आणि ते ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावावेत. दोहोंत मोठे अंतर असेल, तर का, हे चार ओळींत सांगावे. दुसरी गोष्ट, तालुक्याच्या ठिकाणी एक अधिकारी नावाने नेमावा. तक्रार ऐकणे, ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर देणे आणि गरज पडल्यास आकडा दुरुस्तीसाठी वर पाठविणे, हे त्याचे काम असावे. तिसरी गोष्ट, यंत्राची परीक्षा ते तयार करणाऱ्यांनीच घेऊ नये. साकोली येथे डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे आणि धानाच्या वाणांसाठी साकोलीचे नाव शेतकऱ्यांना परिचित आहे. अशा संस्थांनी दरवर्षी काही मंडळांत यंत्राचा अंदाज आणि प्रत्यक्ष उत्पन्न ताडून पाहावे आणि निष्कर्ष छापावेत. सुखात्मे आणि महालनोबीस यांच्या वादाची परंपरा हीच आहे.

यावर खर्चाचा आणि विलंबाचा आक्षेप घेतला जाईल. भरपाई लवकर मिळावी म्हणूनच तर यंत्र आणले, आता पुन्हा तपासणीचा घोळ कशाला, असे विचारले जाईल. हा आक्षेप वजनदार आहे. रोवणीसाठी काढलेले कर्ज थांबून राहत नाही. पण वेगाने दिलेला चुकीचा निर्णय हा उशिरा दिलेल्या बरोबर निर्णयापेक्षा स्वस्त पडतो, हा भ्रम आहे. तेलंगणातील फेरतपासणीने तो पुरेसा दूर केला आहे. शिवाय दोन आकडे फलकावर लावण्यास विलंब तो किती लागणार?

शाळा-महाविद्यालयांनाही येथे काम आहे. गावातील विद्यार्थ्याला त्रैराशिक येते, सरासरी काढता येते. उंबरठा उत्पन्नाचा हिशेब गणिताच्या तासाला फळ्यावर मांडला, तर घरी विम्याचा संदेश आल्यावर तो बापाला समजावून सांगू शकेल. खिडकीत बसलेल्या लिपिकानेही ‘संगणकाने नाकारले’ एवढ्यावर न थांबता, ‘कारण मागणारा अर्ज द्या, तो येथे घेतला जाईल,’ असे म्हटले, तर पॅरिसच्या शिफारशीचे ते कलम त्या खिडकीत अमलात आले असे समजावे. आंतरराष्ट्रीय नीतितत्त्वे कोठे तरी उतरायचीच असतील, तर ती अशाच ठिकाणी उतरतात.

फेब्रुवारी २०२६ मध्ये नवी दिल्लीत कृत्रिम बुद्धिमत्तेवर जागतिक परिषद भरली. घोषणा होतील, करार होतील, यंत्रे अधिक तल्लख होतील. त्या सर्वांची कसोटी मात्र वैनगंगेच्या काठच्या एखाद्या बांधीत लागणार आहे. धान चुरून झाले आहे, काटा लावला आहे, आणि काट्याशेजारी उभा असलेला शेतकरी विचारतो आहे, की आभाळातल्या डोळ्याने यापेक्षा अधिक धान पाहिले ते कोठे? या प्रश्नाला त्याच्या भाषेत, सही करून, उत्तर देणारा माणूस जेव्हा समोर येईल, तेव्हाच त्या सनदेला अर्थ आला असे म्हणता येईल.